नाशिकमध्ये ॲक्युपंक्चर: पारंपरिक चिनी घ्यावं की मेडिकल? दोन्ही सेवांचा आढावा

नाशिकमध्ये सुया टोचून दुखणं हलकं करून देणारी सेवा दोन वेगळ्या ठिकाणी मिळते, आणि पेशंट बहुतेकदा शेजाऱ्याच्या किंवा नातेवाइकाच्या सांगण्यावरून त्यातल्या एका ठिकाणी जाऊन पोचतो. पहिलं ठिकाण म्हणजे पारंपरिक चिनी पद्धतीचा ॲक्युपंक्चर दवाखाना: जीभ दाखवा, दोन्ही मनगटांची नाडी द्या, मग आडवं पडून अर्धा तास सुया. दुसरं म्हणजे फिजिओथेरपी सेंटर किंवा पेन क्लिनिक. तिथे तीच सुई 'मेडिकल ॲक्युपंक्चर' किंवा 'ड्राय नीडलिंग' या नावाने थेट दुखऱ्या स्नायूत जाते आणि सुईचं काम पाच-दहा मिनिटांत आटोपतं.

आमचं मत आधीच सांगतो. दुखण्याचं स्वरूप पाहून पद्धत निवडावी, आणि पद्धतीपेक्षाही जास्त काटेकोरपणे सुई धरणारा माणूस निवडावा. कुठल्याही दवाखान्याचं नाव इथे मुद्दाम दिलेलं नाही. या सेवेत पाटी तीच राहते, पण आतला डॉक्टर किंवा थेरपिस्ट बदलला की सगळंच बदलतं. म्हणून काय पाहायचं, काय विचारायचं आणि कधी उठून यायचं, एवढंच सांगतो.

पारंपरिक बैठकीत नेमकं काय होतं

पहिल्या भेटीला पाऊण ते एक तास धरून चला. त्यातला निम्मा वेळ प्रश्नांत जातो: झोप किती वाजता मोडते, पोट साफ होतं का, तहान कशी आहे, पाळी नियमित आहे का, दुखणं थंडीने वाढतं की उष्णतेने. खांद्याच्या दुखण्यासाठी आलेल्या माणसाला शौचाचे प्रश्न का, असं वाटतं, पण या पद्धतीत निदान असंच बसवतात. नंतर जिभेचा रंग आणि तिच्यावरचा थर पाहतात, आणि दोन्ही मनगटांवर तीन-तीन जागी बोटं ठेवून नाडी बघतात. त्या दिवशी जीभ खरवडून जाऊ नका, आणि जाण्यापूर्वी पान, बीट किंवा हळदीचं दूध घेऊ नका. रंग चढला की पाहणाऱ्याला खरं काही कळत नाही.

या शास्त्रात १४ मुख्य वाहिन्या (शरीरातल्या 'ची'चे, म्हणजे प्राणशक्तीचे, मार्ग) आणि त्यांवरचे ३६१ बिंदू मोजले जातात. बिंदू शोधायला पेशंटच्याच शरीराचं माप घेतात. अंगठ्याच्या पेराची रुंदी म्हणजे एक 'त्सुन', चार बोटं जुळवली की तीन. म्हणून गुडघ्याखालचा 'झूसानली' हा बिंदू वाटीच्या खाली चार बोटं आणि नडगीच्या बाहेर एक बोट, असा सापडतो. अंगठा आणि तर्जनीच्या मधला 'हेगू', मनगटाच्या आतल्या बाजूला दोन त्सुन वरचा 'नेइग्वान', कवटीच्या मागच्या खळगीतला 'फेंगची' हे बिंदू जवळपास प्रत्येक दवाखान्यात अनुभवाला येतील.

एका बैठकीत साधारण ६ ते १५ सुया लागतात. हातापायाला ०.२५ मिमी जाडीची, २५ किंवा ४० मिमी लांबीची सुई वापरतात. चेहऱ्याला आणि बोटांना ०.२० मिमीची, १३ ते १५ मिमी लांब. इंजेक्शनच्या नेहमीच्या सुईच्या निम्म्यापेक्षाही ही बारीक असते आणि आतून भरीव असते. प्लास्टिकच्या नळीत ठेवून वरून हलकी टिचकी मारली की कातडी पार होते. मुंगी चावल्याइतकं जाणवतं, कधी तेवढंही नाही. त्यानंतर सुई थोडी आत नेऊन फिरवतात, आणि आत जडपणा, ठणका किंवा ताण पसरल्यासारखं वाटतं. त्याला 'दे ची' म्हणतात, आणि थेरपिस्ट त्याचीच वाट पाहत असतो. मात्र विजेसारखी चमक निघून बोटांपर्यंत गेली तर ती 'दे ची' नव्हे. सुई नसेजवळ पोचली आहे. त्याच क्षणी बोला. सहन करत पडून राहण्यात काहीही फायदा नाही.

सुया २० ते ३० मिनिटं ठेवतात. मधे एकदा येऊन फिरवतात, किंवा दोन-दोन सुयांना क्लिपा लावून मशीनचा हलका करंट देतात. कमी वेगाचा करंट (सेकंदाला २ ते ४ ठोके) जुनाट दुखण्याला आणि जास्त वेगाचा (८० ते १००) ताज्या ठणक्याला, असा साधारण रिवाज आहे. स्नायू हलके फडफडले पाहिजेत, पण दुखता कामा नये. पेसमेकर असेल तर ही मशीन अजिबात नको, आणि ते तुम्ही स्वतःहून सांगायचं. काही ठिकाणी जोडीला मॉक्सा असतो, म्हणजे दवण्याच्या जातीच्या एका वनस्पतीच्या वाळक्या पानांची कांडी पेटवून कातडीपासून दोन-तीन सेंटीमीटरवर धरणं. आखडलेल्या गुडघ्याला ही ऊब बरी वाटते. मधुमेहामुळे पाय बधिर झालेले असतील तर मॉक्सा घेऊ नका. चटका बसलेला कळत नाही आणि जखम महिनोन्महिने चिघळते.

आठवड्यातून दोनदा, एकूण ६ ते १० बैठका हा नेहमीचा हिशेब.

या सेवेत बिघडतं ते बहुतेक वेळा गर्दीमुळे. एका हॉलमध्ये पडदे लावून पाच-सहा पेशंट एकाच वेळी झोपवले जातात, आणि सुया लावून थेरपिस्ट पुढच्या पडद्याआड जातो. तुम्हाला कूस बदलता येत नाही, पंख्याखाली गारठा जाणवतो, एखादी सुई दुखू लागली तर हाक मारावी लागते. हाताशी बेल आहे का, हे आधी पाहा. सुया काढताना संख्या मोजली जाते का, तेही पाहा. केसांत लपलेली फेंगचीची सुई किंवा घोट्यामागची सुई राहून गेली आणि पेशंटने त्यावर पॅन्ट चढवली, असं गर्दीच्या ठिकाणी होऊ शकतं. चांगला थेरपिस्ट लावलेल्या सुयांचा आकडा केसपेपरवर लिहितो आणि काढताना तेवढ्याच मोजतो.

आणखी एक गोष्ट. 'तुमच्या यकृतात अडथळा आहे' किंवा 'मूत्रपिंड कमजोर आहे' असं इथे ऐकायला मिळालं तर घाबरून रक्ताच्या तपासण्या करत सुटू नका. ती त्या शास्त्राची वर्गवारी आहे. काविळीचं किंवा किडनीच्या आजाराचं ते निदान नाही. पण याच वाक्यावरून कुणी तुमची साखरेची किंवा बीपीची गोळी बंद करायला सांगितली, तर तिथे पुन्हा पाऊल ठेवू नका.

मराठी माणसाला या विद्येशी जोडणारा एक दुवा फारसा माहीत नसतो. १९३८ साली चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. त्याच पथकातले कलकत्त्याचे डॉ. बिजोय कुमार बसू पुढे पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकले आणि १९५९ मध्ये ते भारतात घेऊन आले. चीनमध्ये त्या दशकात वेगवेगळ्या घराण्यांच्या पद्धती एकत्र करून नवा अभ्यासक्रम बांधला जात होता. आज 'पारंपरिक' म्हणून जे शिकवलं जातं त्याची मुळं दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत, मांडणी मात्र बरीचशी तेव्हाची आहे.

मेडिकल ॲक्युपंक्चर आणि ड्राय नीडलिंग

इथे वाहिन्या, 'ची', नाडी यांचा उल्लेख होत नाही. सुईने नसांच्या टोकांना चेतवलं की मज्जारज्जूत दुखण्याचा संदेश अडतो आणि मेंदूतून एंडॉर्फिनसारखी वेदनाशामकं सुटतात, या समजावर ही पद्धत उभी आहे. मेलझॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५ मध्ये मांडलेला 'गेट कंट्रोल' सिद्धान्त तिचा पाया. दुसरा पाया स्नायूंतल्या गाठींचा, म्हणजे ट्रिगर पॉइंटचा. जेनेट ट्रॅव्हेल आणि डेव्हिड सायमन्स या अमेरिकन डॉक्टरांनी १९८३ मध्ये त्यांचे नकाशे छापले, आणि खांद्याच्या वरच्या स्नायूतली गाठ कानशिलात डोकं कसं दुखवते, कुल्ल्यातली गाठ पोटरीपर्यंत कशी ठणकते, हे फिजिओथेरपिस्टांच्या हाती आलं.

काम असं चालतं. आधी तपासणी: हात किती वर जातो, मान किती वळते, कुठे दाबल्यावर तुमचं 'ओळखीचं' दुखणं उठतं. हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. दाबल्यावर नुसतं दुखणं पुरेसं नाही, रोज त्रास देतं तेच दुखणं उठायला हवं. मग स्पिरिटने जागा पुसतात, बोटांनी स्नायूतला ताठ पट्टा पकडतात आणि ०.२५ किंवा ०.३० मिमी जाडीची सुई त्यात घालतात. सुई पूर्ण बाहेर न काढता वर-खाली हलवतात. गाठीला नेमका स्पर्श झाला की स्नायू एकदम उडतो, आपल्या इच्छेशिवाय. क्षणभर दुखतं, पेटका आल्यासारखं. असे दोन-चार झटके मिळाले की सुई काढून कापसाने अर्धा मिनिट दाबून धरतात, मग स्नायू ताणून घेतात, आणि घरी करायचे व्यायाम देतात. सौम्य पद्धतीने काम करणारे डॉक्टर सुई न हलवता दहा मिनिटं नुसती ठेवतात. तेही चालतं, विशेषतः पहिल्यांदा येणाऱ्याला आणि घाबरणाऱ्याला.

दुसऱ्या दिवशी ती जागा मुका मार लागल्यासारखी दुखते. एक-दोन दिवस, क्वचित तीन. शेक घ्या, सांधा हलता ठेवा. हे आधी सांगितलेलं नसेल तर पेशंटला वाटतं की बिघडलं, आणि तो पुन्हा जातच नाही. आठवड्यातून एकदा, तीन ते पाच वेळा, एवढ्यात निकाल लागायला हवा. निफाड, दिंडोरी किंवा सिन्नरहून येणाऱ्याला हा हिशेब पारंपरिक पद्धतीच्या दोन-दोन फेऱ्यांपेक्षा परवडतो, आणि आमच्या मते निवड करताना ही गोष्ट धरायलाच हवी. जी बैठक चुकत नाही तीच लागू पडते.

चुका इथेही होतात. सुई नेमकी नसेल तर थेरपिस्ट गाठ शोधत पंधरा-वीस वेळा वर-खाली करतो, आत रक्त साचतं आणि हाताला निळी-काळी छटा येते. दुसरी चूक म्हणजे दुखतं तिथेच टोचत राहणं. कोपराच्या बाहेर दुखतं म्हणून तिथेच चार बैठका झाल्या, पण मानेतली नस दबलेली होती हे कुणी तपासलंच नाही. तिसरी म्हणजे व्यायाम न देणं. गाठ मोकळी केली आणि माणूस परत त्याच खुर्चीत त्याच पोझमध्ये बसला, की ती पुन्हा धरते.

पुरावा कुणाच्या बाजूने?

जर्मनीत कंबरदुखीच्या ११६२ पेशंटवर मोठी चाचणी झाली आणि २००७ मध्ये तिचे निष्कर्ष आले. पारंपरिक बिंदूंवर खऱ्या सुया घेतलेल्या गटात ४७.६ टक्के लोकांना फरक पडला, चुकीच्या जागी वरवर सुया टोचलेल्या गटात ४४.२ टक्के, आणि नेहमीच्या गोळ्या-व्यायामाच्या गटात २७.४ टक्के. म्हणजे सुयांनी फरक पडला, पण नेमका कुठला बिंदू यावर तो फारसा अवलंबून नव्हता. अमेरिकेतल्या २००९ च्या चाचणीत ६३८ पेशंट होते. तिथे नाडी-जीभ पाहून निवडलेले बिंदू, सगळ्यांना सारखेच दिलेले बिंदू आणि नुसती टूथपिक टोकवणं, या तिन्हींचा परिणाम जवळपास सारखा निघाला, आणि तिन्ही नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरले. पुढे २०१८ मध्ये ३९ चाचण्यांतल्या २०,८२७ पेशंटची आकडेवारी एकत्र करून पाहिली गेली. त्यात खऱ्या सुया खोट्यांपेक्षा थोड्या पण स्पष्टपणे सरस दिसल्या, आणि मिळालेला आराम वर्षभरानंतरही बराचसा टिकलेला होता.

ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शक संस्थेचा, नाइसचा, कल वाचण्यासारखा आहे. अर्धशिशी आणि ताणाची डोकेदुखी वारंवार होऊ नये म्हणून ५ ते ८ आठवड्यांत १० पर्यंत बैठकांचा विचार करावा, असं ती म्हणते. कंबरदुखीसाठी मात्र २०१६ पासून ॲक्युपंक्चर देऊ नका असं म्हणते, आणि गुडघ्याच्या झिजेसाठीही २०२२ मध्ये तेच. जुनाट, कारण न सापडणाऱ्या दुखण्यासाठी २०२१ मध्ये तिने एकच कोर्स सुचवला, ॲक्युपंक्चर किंवा ड्राय नीडलिंग कुठलंही चालेल, आणि थेरपिस्टचा एकूण वेळ पाच तासांच्या आत. ही पाच तासांची मर्यादा खिशात ठेवून दवाखान्यात जा. तीस बैठकांचं पॅकेज पुढे आलं की कामी येईल.

सुरक्षिततेत दोन्ही पद्धती बरोबरीच्या आहेत. २००१ मध्ये ब्रिटनमध्ये दोन पाहण्या एकाच वेळी छापून आल्या. एक पारंपरिक थेरपिस्टांच्या ३४,४०७ बैठकांची, दुसरी डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्टांच्या ३१,८२२ बैठकांची. दोन्हींत गंभीर इजा एकही नाही, आणि नोंद घ्यावी अशा घटना दोन्हींत ४३. हे सगळे शिकून-सवरून काम करणारे लोक होते, हे लक्षात ठेवा. अर्धवट शिकलेल्या हाताला हे आकडे लागू होत नाहीत.

कुठल्या दुखण्याला कुठे जावं

साधी कसोटी: दुखणं एका बोटाने दाखवता येतं का? 'इथे, नेमकं इथे' असं बोट ठेवता येत असेल आणि दाबल्यावर ते उठत असेल, तर मेडिकल किंवा ड्राय नीडलिंग आधी. अख्खा तळवा फिरवून 'इकडून तिकडे, कधी असं कधी तसं' म्हणावं लागत असेल, सोबत झोप, मळमळ, डोकं, पोट गुंतलेलं असेल, तर पारंपरिक लांब बैठक जास्त मानवते.

आपल्या भागात सगळ्यात जास्त कामाला येणारी उदाहरणं द्राक्षबागेतली. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर फेलफुटी (नको असलेले फुटवे) काढणं, घडांची विरळणी, डिपिंग (घड द्रावणात बुडवणं), हे सगळं काम मांडवाखाली हात खांद्याच्या वर धरून, मान मागे टाकून चालतं. दोन-तीन आठवड्यांत खांद्याचा वरचा स्नायू आणि पाठीतला फऱ्याजवळचा स्नायू दगडासारखा होतो. छाटणीच्या कात्रीने कोपराच्या बाहेरची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) धरते. या दोन्हींना ड्राय नीडलिंग चांगलं लागू पडतं. मजुराला आठ दिवस विश्रांती घ्या म्हणणं व्यर्थ आहे, काम चालू ठेवूनच दुखणं कमी करायचं असतं. म्हणून सुईच्या दुसऱ्या दिवशी विरळणीऐवजी खालचं काम घ्यावं, कात्रीला मऊ पकड लावावी, आणि दर अर्ध्या तासाला हात खाली सोडून मान पुढे वाकवून ताण द्यावा. सातपूर-अंबडला शिफ्टमध्ये उभं राहून काम करणाऱ्यांची टाच सकाळी पहिल्या पावलाला टोचते. तिलाही पोटरी आणि तळव्याच्या स्नायूत सुई घेऊन पाहण्यासारखं आहे. तळव्यातली सुई बरीच दुखते, हे मात्र आधी जाणून घ्या.

गंमत अशी की या तक्रारींत दोन्ही पद्धतींची सुई पुष्कळदा एकाच जागी पडते. खांद्यावरचा 'ज्येनजिंग' बिंदू म्हणजे जवळपास तोच ट्रिगर पॉइंट. कोपराखालचा 'शौसानली' कोपराच्या दुखण्यात ड्राय नीडलिंगची सुई जाते त्याच स्नायूत. कुल्ल्यातल्या 'ह्वानत्याओ'ला ७५ मिमीची लांब सुई लागते आणि फिजिओथेरपिस्टही सायटिकासारख्या दुखण्याला तिथेच पोचतो. फरक पडतो तो सुई हलवण्याच्या जोरात, ठेवण्याच्या वेळात आणि नंतरच्या व्यायामात.

अर्धशिशीला आम्ही पारंपरिक बैठकीकडे पाठवू. मान आखडल्यामुळे मागून चढणारी डोकेदुखी असेल तर मेडिकलकडे. केमोथेरपी किंवा ऑपरेशननंतरच्या मळमळीला नेइग्वान बिंदू दोन्हीकडे वापरतात, फक्त आधी तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांची परवानगी आणि रक्तातल्या पेशींचा रिपोर्ट हवा. आखडलेल्या खांद्याबद्दल खोटी आशा कुणीच देऊ नये. फ्रोझन शोल्डर सुटायला एक ते तीन वर्षं लागू शकतात. सुईने रात्रीचा ठणका कमी होतो आणि व्यायाम करता येतो, यापलीकडे अपेक्षा नको.

पोट सुटणं, टक्कल, मुतखडा, थायरॉइड, साखर 'मुळापासून' घालवण्याची जाहिरात दिसली तर पुढचं वाचू नका.

आणि काही दुखण्यांत सुईच नको, आधी डॉक्टर. कंबरदुखीबरोबर लघवी अडते किंवा कळत नाही, जांघेत-बैठकीत बधिरपणा आहे, पाऊल लुळं पडतंय: त्याच दिवशी हॉस्पिटल. ताप, विनाकारण घटणारं वजन, रात्री झोपेतून उठवणारी हाडातली वेदना, पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, किंवा छातीत दडपण येऊन डाव्या हातात उतरणारी कळ, यांतलं काहीही असेल तर सुईवाल्याकडे वेळ घालवू नका.

आत शिरल्यावर काय पाहायचं

आधी नोंदणी. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याखाली महाराष्ट्र ॲक्युपंक्चर परिषद नोंदणी करते. पारंपरिक दवाखान्यात तो नोंदणी क्रमांक भिंतीवर हवा. फिजिओथेरपिस्ट असेल तर पदवी आणि राज्याच्या फिजिओथेरपी परिषदेची नोंदणी विचारा. आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या म्हसरूळलाच आहे, त्यामुळे इथे पदवीधर शोधणं अवघड नाही. पण पदवी म्हणजे सुईचं प्रशिक्षण नव्हे. ड्राय नीडलिंगच्या कार्यशाळा कधी कधी दोन-तीन दिवसांत उरकतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये सुचवलेला किमान अभ्यास पहा: पूर्णवेळ ॲक्युपंक्चर करणाऱ्या बिगर-डॉक्टरला २५०० तास, आणि आपल्या नेहमीच्या कामात मर्यादित वापर करणाऱ्या डॉक्टरलाही २०० तास. तेव्हा 'किती तासांचं शिक्षण झालं आणि छातीच्या भागात सुई कशी घालता?' हे सरळ विचारा. चांगला माणूस रागावत नाही, उलट खुलून सांगतो.

छातीचा प्रश्न उगीच नाही. पाठीचा कणा आणि फरा यांच्या मधे, सडपातळ माणसात, कातडीपासून फुप्फुस अवघं १० ते २० मिमीवर असतं. खांद्यावर सुई सरळ खाली घातली तरी तेच. शिकलेला थेरपिस्ट खांद्याचा स्नायू चिमटीत उचलून धरतो आणि सुई फुप्फुसाकडे न नेता आडवी घालतो. पाठीवर तो तिरकी आणि उथळ घालतो. पाठीवर ४० मिमीची सुई सरळ जाताना दिसली तर थांबवा.

सुई तुमच्यासमोर फोडलेल्या सीलबंद पाकिटातून यावी. त्यावर निर्जंतुकीकरणाची आणि मुदतीची तारीख असते. काही ठिकाणी 'तुमच्याच सुया' म्हणून नाव लिहिलेल्या डबीत ठेवून पुढच्या वेळी वापरतात. नको म्हणा. बोथट सुई जास्त दुखते, आणि डब्यांची अदलाबदल झाली तर हेपॅटायटिस बी लागू शकतो. वापरलेल्या सुया पांढऱ्या, न फुटणाऱ्या डब्यात पडल्या पाहिजेत, जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत तसं लिहिलेलं आहे. साध्या केराच्या टोपलीत सुई दिसली तर बाकीचं काही पाहायची गरज नाही.

फी विचारताना एकच आकडा विचारू नका. थेरपिस्ट प्रत्यक्ष तुमच्याजवळ किती मिनिटं असतो, ते विचारा. पारंपरिक बैठक चाळीस मिनिटांची असली तरी त्यातली वीस-पंचवीस तुम्ही एकटे पडून असता. ड्राय नीडलिंगची सुई दहा मिनिटांची, पण सोबत वीस मिनिटं व्यायाम मिळत असतील तर सौदा चांगला आहे. पहिल्याच दिवशी दहा-वीस बैठकांचे पैसे आगाऊ भरू नका. तीन बैठकांचे द्या, आणि सुरुवातीलाच दोन गोष्टी वहीत लिहा: दुखणं दहापैकी किती, आणि कुठलं एक काम जमत नाही, जसं केस विंचरणं, दुचाकीची किक मारणं, अर्धा तास सलग बसणं. ड्राय नीडलिंगमध्ये तिसऱ्या बैठकीनंतर आणि पारंपरिकमध्ये पाचव्या-सहाव्या बैठकीनंतर त्या वहीतले आकडे हलले नसतील, तर पद्धत बदला किंवा निदान पुन्हा तपासून घ्या.

जाण्याआधी आणि आल्यावर

उपाशी जाऊ नका. चतुर्थी, एकादशी, नवरात्रातला कडक उपवास असेल त्या दिवशीची वेळ बदला. रिकाम्या पोटी चक्कर येण्याची शक्यता वाढते. तासाभरापूर्वी हलकं खाल्लेलं असावं. पहिली बैठक आडवं पडूनच घ्या, खुर्चीत बसून नको. घाम सुटला, मळमळलं, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच सांगा: सुया काढून, पाय उंच करून, गोड पाणी दिलं की बहुतेक जण पाच-दहा मिनिटांत सावरतात. नंतर पंधरा-वीस मिनिटं तिथेच बसा, मग दुचाकी काढा.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सांगा, स्वतःहून बंद करू नका. थेरपिस्ट खोल सुया टाळेल आणि जास्त वेळ दाबून धरेल. गरोदरपणी हेगू आणि घोट्यावरचा 'सानयिनज्याओ' हे बिंदू पारंपरिक थेरपिस्ट वर्ज्य मानतात. मेडिकलवाल्यालाही ते टाळायला सांगा. स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर हात सुजत असेल तर त्या हाताला सुई नको. हृदयाची झडप बदललेली असेल तर कानात दिवसचे दिवस चिकटवून ठेवायच्या छोट्या सुया घेऊ नका, त्यातून जंतुसंसर्ग रक्तात जाऊ शकतो.

मान, खांदा किंवा पाठीवर सुई घेतल्यावर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी खोल श्वास घेताना छातीत टोचू लागलं, दम लागला किंवा कोरडा खोकला सुरू झाला, तर ती सुईनंतरची साधी दुखरी जागा समजून शेक घेत बसू नका. थेरपिस्टला फोन जरूर करा, पण त्याच्या उत्तराची वाट न पाहता हॉस्पिटलमध्ये जा, पाठीत सुई घेतली होती हे डॉक्टरांना आधी सांगा आणि छातीचा एक्स-रे काढून घ्या.